मान वळवणं

माझ्या पिशवीत फार काही नसतं.
लहान बटाट्याएवढा एक लाल चेंडू,
खुळखुळा, बारकी घंटी,
आणि एक टॉर्च.
होडीत ते सगळं आपसात वाजत होतं.
नावाडी म्हणाला, एदुविना, खेळायला निघालीस?
हो म्हटलं.

घर खांबांवर उभं, खाली भरतीचं पाणी.
दारात रबरी बूट. लोखंडी चूल पेटलेली.
नोएमी पलंगाच्या कडेला, कित्येक रात्रींची जागी.
लेआंद्रो उभाच,
शिंपल्यांच्या तराफ्यावरून थेट आलेला,
हात पाठीमागे,
चोरी पकडली जाणार असल्यासारखा.
मूल अकरा दिवसांचं. तीन आठवडे आधीच आलेलं.
नाव अजून ठरायचंय.

तो झोपला होता. आधी तेच बघायचं असतं.
टॉर्चचा उजेड पापण्यांवरून नेला,
अख्खं अंग दचकलं.
थांबले. पुन्हा नेला,
खांदे तेवढे हलले.
तिसऱ्यांदा एक भुवई.
चौथ्यांदा काही नाही.
नोएमी घाबरली : दिसत नाही का त्याला?
दिसतं गं. झोप राखायला शिकलाय.
इथे चूल तडतडते, कुत्रा भुंकतो,
लाटा फळ्यांखाली आपटतात,
आणि त्यानं ठरवलंय, हे सगळं आपलंच.

मग जागा झाला, आपल्या सवडीनं.
आधी आठी, मग जांभई, मग एक डोळा
(दुसरा अजून विचार करत होता).
चेंडूमागे नजर निघाली,
अडखळली, चेंडू हरवला, सापडला.

आता तू बोल, मी लेआंद्रोला म्हणाले.
काय बोलू?
आज किती दोर ओढले ते सांग.
तो उकिडवा बसला, घसा खाकरला.
सव्वीस. सव्वीस दोर. वारा दक्षिणेचा होता.

मान फिरली.
गंजक्या बिजागरीसारखी, थांबत थांबत,
तोंड जरासं उघडं ठेवून,
आणि बापाच्या चेहऱ्यावर येऊन टेकली.
कुणी श्वाससुद्धा घेतला नाही.

पाच-सहा आकडे मोजावेत एवढाच वेळ.
मग त्यानं तोंड फिरवलं, भिंतीकडे.
बोटं फाकली. एक शिंक.
पायांवर जांभळी जाळी उमटली.

लेआंद्रो उठला. हेच, रोज हेच.
मला बघतो नि तोंड फिरवतो.
हातांना वास येतो ना माझ्या.

तीस वर्षं पाठ असलेलं वाक्य ओठांवर आलं होतं.
गिळलं.
विचारलं, शिंपला कधी मिटतो रे?
बोट लावलं की. पाणी ओसरलं की.
रागावून?
तो हसला. छे. आतलं पाणी राखायला.

आणि हसता हसता थांबला.

आम्ही वाट बघितली.
चुलीतलं लाकूड आतल्या आत ढासळलं.
फाकलेली बोटं मिटली,
मूठ गालावरून निघाली, तोंड चुकली,
नाकावर आदळली, पुन्हा निघाली,
पोचली. चोखल्याचा आवाज.
रात्रीपण असंच करतो, नोएमी पुटपुटली,
सासूबाई म्हणतात सवय लागेल, म्हणून मी हात काढते.
मी गप्प.
तिनंच दुसऱ्या हातावरचा लोकरी मोजा ओढून काढला.

मान कधी परत वळली ते मला दिसलंच नाही.
मी बापाकडे बघत होते.
तो काही बोलत नव्हता, काही दाखवत नव्हता,
मोठे भेगाळलेले हात मांडीवर उघडे ठेवून
नुसता तिथे होता.

कागदावर खुणा केल्या : झोप, आवाज, नजर, मूठ.
त्याच्या हातांसाठी रकाना नव्हता.

माझी मुलगी सान्तियागोला असते.
तिला मी घड्याळावर पाजलं,
तोंड फिरवलं की हनुवटी धरून
वळवलं माझ्याकडे. तसंच शिकवलं होतं आम्हाला.
रविवारी तिचा फोन येतो,
आणि बोलता बोलता ती मधेच गप्प होते.
पूर्वी मी हॅलो, हॅलो करायचे.
आता फोन कानाशी धरून बसते.
मोजत नाही.